एक्सप्लेनर : व्हिस्की कॉकटेलचं माप कागदावर आणणारे जेरी थॉमस कोण होते?

जिंतूर : लग्नाचा आचारी मसाल्याचं माप कुणाला सांगत नाही. ते त्याच्या हातात असतं आणि त्याच्यासोबतच जातं. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बारमध्येही असंच होतं. कशात काय आणि किती मिसळायचं, हे उस्तादाचा हात बघून शिकावं लागे. जेरी थॉमस यांनी ते लिहून काढलं.

थॉमस कोण होते?
जन्म १८३० चा, न्यूयॉर्क राज्यातल्या सॅकेट्स हार्बरचा. तरुणपणीच ते बारमध्ये कामाला लागले. १८४९ मध्ये सोन्यासाठी कॅलिफोर्नियाकडे लोंढे निघाले, त्यात तेही होते. 'ब्लू ब्लेझर' हा त्यांचा गाजलेला प्रकार. पेटती व्हिस्की आणि उकळतं पाणी या मगातून त्या मगात ओतायचं. टपरीवर चहा वरखाली करतात तसंच, फक्त इथे धार निळ्या ज्वाळेची!

१८६२ मध्ये काय झालं?
कॉकटेल म्हणजे दारू, साखर, पाणी आणि बिटर्स (वनस्पतींचा कडू अर्क), ही व्याख्या १८०६ मध्येच अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात छापून आली होती. पण त्यात माप नव्हतं. थॉमस यांनी १८६२ मध्ये मापांसह पुस्तक काढलं. बारटेंडरसाठीचं अमेरिकेतलं ते पहिलं पुस्तक मानलं जातं.

व्हिस्की कॉकटेल कसं बनायचं?
- व्हिस्की : एक वाइनग्लास, म्हणजे साधारण ६० मिली
- गोंद घातलेला साखरेचा पाक : तीन-चार झटके
- बिटर्स : दोन झटके
- लिंबाच्या सालीचा तुकडा

एक तृतीयांश ग्लास बारीक बर्फ घालून हलवायचं आणि गाळून द्यायचं. पुढे बारवाले यात नवनवी भर घालू लागले. तेव्हा जुन्या पद्धतीचंच हवं असलेल्या गिऱ्हाइकांमुळे 'ओल्ड फॅशन्ड' हे नाव रूढ झालं.

शेवट कसा झाला?
न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर थॉमस यांचा बार जोरात चालला. मात्र शेअर बाजारात ते बुडाले. बार विकावा लागला, हौसेने जमवलेली चित्रंही गेली. १८८५ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. कमावलेलं हातून गेलं, लिहिलेलं माप मात्र जगभरच्या बारमध्ये पोहोचलं.

(महाराष्ट्रात व्हिस्की पिण्यासाठी परवाना आणि वयाची २५ वर्षे पूर्ण असणं बंधनकारक आहे. मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे.)