शस्त्रवैद्य लिस्टर आणि कार्बॉलिकचा फवारा

जोसेफ लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी लंडनजवळील अप्टन या गावी क्वेकर पंथाच्या एका सधन कुटुंबात झाला. वडील मद्याचे व्यापारी होते. परंतु फावल्या वेळी भिंगांचा अभ्यास करण्याचा त्यांना विलक्षण नाद होता आणि त्या नादातूनच त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्रात मोठी सुधारणा घडवून आणली. उघड्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सृष्टीवर विश्वास ठेवण्याची सवय लिस्टर यांना अशी घरातच लागली. पुढे त्यांच्या समव्यवसायींपैकी अनेकांना हीच गोष्ट अवघड गेली.

१८५२ साली लंडनला वैद्यकीची पदवी घेऊन ते एडिंबरो येथे जेम्स साइम या नामांकित शस्त्रवैद्यांच्या हाताखाली काम करू लागले. साइम यांची कन्या ॲग्नेस हिच्याशी १८५६ साली त्यांचा विवाह झाला व त्यासाठी त्यांनी आपला पंथ सोडला. या बाईंनी पतीच्या प्रयोगांच्या नोंदी स्वहस्ते लिहून ठेवल्या. लिस्टर यांच्या कीर्तीत त्यांचा वाटा लहान नाही. १८६० साली लिस्टर ग्लासगो येथे प्राध्यापक झाले आणि पुढच्याच वर्षी तेथील रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात त्यांना शस्त्रवैद्याची जागा मिळाली.

त्या काळच्या रुग्णालयाची कल्पना आज करवत नाही. ईथर आणि क्लोरोफॉर्म यांच्यामुळे शस्त्रक्रियेतील वेदना गेली होती, पण मरण गेले नव्हते. शस्त्रवैद्य जुना कोट अंगावर चढवीत. त्यावर वाळलेल्या रक्ताचे थर असत आणि ते अनुभवाचे भूषण समजले जाई. एकच स्पंज या रुग्णाच्या व्रणावरून त्या रुग्णाच्या व्रणावर फिरे. हाड मोडून कातडीबाहेर आले की पाय कापावा लागे, आणि पाय कापला की पुष्कळदा जखम सडून रोगी जाई. दोष मात्र दिला जाई तो रुग्णालयातील दूषित वायूला.

१८६५ साली रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस अँडरसन यांनी लिस्टर यांचे लक्ष फ्रान्समधील लुई पाश्चर यांच्या संशोधनाकडे वेधले. पदार्थ कुजतो तो हवेमुळे नव्हे, तर हवेतून येणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, असे पाश्चर यांनी दाखविले होते. हे जीव उष्णतेने मारता येतात, गाळून वेगळे करता येतात किंवा रसायनाने नष्ट करता येतात. आता रोग्याला उकळणे काही शक्य नव्हते! तेव्हा रसायनाचाच मार्ग उरला. कार्लाइल शहरात सांडपाण्याची दुर्गंधी घालविण्यासाठी कार्बॉलिक ॲसिड वापरीत, हे लिस्टर यांच्या वाचनात आले होते. त्यांनी तेच निवडले.

१२ ऑगस्ट १८६५ रोजी जेम्स ग्रीनलीज नावाचा अकरा वर्षांचा मुलगा रुग्णालयात आला. गाडीचे चाक पायावरून गेल्याने हाड मोडले होते व वर जखम झाली होती. लिस्टर यांनी ती जखम कार्बॉलिकमध्ये भिजविलेल्या कापडाने झाकली. चार दिवसांनी पट्टी सोडली, तेव्हा पू नव्हता आणि घाणही नव्हती. सहा आठवड्यांत हाड सांधले. विद्यार्थिमित्रांनी लक्षात घ्यावे की, आणखी काही वर्षांपूर्वी हाच मुलगा आला असता तर बहुधा त्याचा पाय गेला असता, कदाचित प्राणही. आपल्या या पद्धतीची माहिती लिस्टर यांनी १८६७ साली प्रसिद्ध केली. त्यापूर्वी त्यांनी अवयव कापलेल्या ३५ रोग्यांपैकी १६ दगावले होते. नंतरच्या ४० पैकी ६.

पण जंतू हवेतून येतात, तर हवाच का शुद्ध करू नये? या विचारातून १८७१ च्या सुमारास कार्बॉलिकचा फवारा निघाला. प्रथम तो हाताने चालवीत, पुढे वाफेवर चालणारे यंत्र आले. शस्त्रक्रिया चालू असताना त्या धुक्यात रोगी, वैद्य आणि मदतनीस सारेच न्हाऊन निघत. हातांची कातडी पांढरी पडून बधिर होई, खोकल्याने जीव घाबरा होई. त्याच वर्षी बाल्मोरल येथे व्हिक्टोरिया राणीच्या काखेतील गळू लिस्टर यांनी फोडले, तेव्हा हा फवारा राणीच्या मुखावरही उडाला. राणीने नाराजी दर्शविली, पण गळू मात्र सुखरूप बरे झाले.

१८७७ साली लिस्टर लंडनला आले. तेथील बरेच वैद्य जंतूंवर विश्वासच ठेवीत नव्हते. उलट जर्मनीत त्यांची पद्धत आधीच रुजली होती. तेथेच १८८१ साली रॉबर्ट कॉख यांनी दाखविले की, काही जंतूंची बीजे कार्बॉलिकलाही दाद देत नाहीत. शिवाय हळूहळू उमगत गेले की, जखमेला खरा धोका हवेपेक्षा हात, हत्यारे आणि पट्ट्या यांचा अधिक. हातांचे महत्त्व व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ सालीच ओळखले होते, पण त्यांचे कोणी ऐकले नाही, ही वैद्यकाच्या इतिहासातील एक दुःखद गोष्ट होय.

१८९० साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, लिस्टर यांनी जाहीरपणे सांगितले की, हवेतील जंतू मारण्यासाठी आपण फवारा सुचविला याची आपणांस लाज वाटते. जगभर ज्या यंत्राने त्यांचे नाव ओळखले जाई, ते त्यांनी स्वतःच्या हाताने मोडीत काढले. फवारा गेला, हत्यारे, हात आणि जखम जंतुरहित ठेवण्याचे तत्त्व राहिले. माझ्या मते पहिल्या शोधाहून हे धैर्य मोठे.

हवेचा प्रश्न मात्र तेवढ्याने संपला नाही. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्याचा कृत्रिम सांधा बसविताना गाळलेल्या स्वच्छ हवेचा झोत सोडण्याची व्यवस्था केली आणि जखमा पिकण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. हवेत औषध उडविण्याऐवजी हवाच गाळून घ्यावयाची, हा पाश्चर यांनी दाखविलेला दुसरा मार्ग होता.

१८९२ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये पाश्चर यांचा सत्तरावा वाढदिवस साजरा झाला. त्या समारंभास लिस्टर मुद्दाम गेले होते व भर सभेत त्या दोघांनी परस्परांस आलिंगन दिले. पुढच्याच वर्षी इटलीत प्रवासात असता ॲग्नेसबाई वारल्या. नंतर १८९५ पासून पाच वर्षे लिस्टर रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते आणि १८९७ साली त्यांना उमरावपद मिळाले. १० फेब्रुवारी १९१२ रोजी वॉल्मर येथे त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत प्रार्थना झाली. परंतु त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह वेस्ट हॅम्पस्टेडच्या दफनभूमीत, पत्नीशेजारी ठेवण्यात आला.