विद्यार्थी आगरकर

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ कृष्णेच्या काठी टेंभू नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. घरी दारिद्र्य होते. मुलाला शिकविण्याची वडिलांना इच्छा असली, तरी त्यासाठी लागणारा पैसा त्यांच्याजवळ नव्हता. म्हणून कऱ्हाडला आजोळी राहून गोपाळाने शिक्षणाचा प्रारंभ केला. परंतु तेथील इंग्रजी शिक्षण थोड्याच इयत्तांपर्यंत होते. ते संपले आणि पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला.

काही दिवस गोपाळाने मामलेदाराच्या कचेरीत उमेदवारी केली. पण कागदांच्या नकला करीत बसण्यात त्याचे मन रमेना. शिकण्याची ओढ त्याला स्वस्थ बसू देईना. अखेर सह्याद्री ओलांडून तो पायी रत्नागिरीला गेला. तेथेही राहण्याजेवण्याची सोय लागेना, तेव्हा निराश होऊन त्याला कऱ्हाडला परतावे लागले. आता त्याने दवाखान्यात कंपाउंडरचे काम पत्करले. पुढे अकोल्याला नातेवाइकांचा आश्रय मिळाला आणि खंडित झालेले शिक्षण पुन्हा सुरू झाले. १८७५ साली तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. अकोल्याच्या शाळेत विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे विद्वान गुरू त्याला लाभले. शिष्याची योग्यता ओळखून त्यांनी त्याला पुढील शिक्षणासाठी साहाय्यही केले.

अशा रीतीने आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. त्या काळी शहरापासून दूर, येरवड्याच्या बाजूला, नदीपलीकडच्या मोकळ्या जागेत हे कॉलेज होते. विद्यार्थी तेथेच वसतिगृहात राहत. कित्येक विद्यार्थी सुखवस्तू घरांतील होते. त्यांच्यामध्ये हा टेंभूचा तरुण अंगावरच्या एकाच सदऱ्यानिशी वावरत असे. रात्री तो सदरा धुऊन वाळत घालावा आणि सकाळी तोच अंगात घालून वर्गात जावे, असा त्यांचा क्रम असे. पावसाळ्यात तो सदरा रात्रीतून वाळत असेल किंवा नसेल. पण तेवढ्यासाठी आगरकरांचे वर्ग चुकले, असे मात्र कोणी सांगत नाही.

घरून पैसा येण्याची आशा नव्हती. तेव्हा स्वतःच्या बुद्धीवर जे मिळेल त्यावरच निर्वाह करणे भाग होते. आगरकरांनी शिष्यवृत्त्या मिळवल्या, निबंधाच्या आणि वक्तृत्वाच्या चढाओढींत बक्षिसे मिळवली, वृत्तपत्रांसाठी लेखन केले. बक्षिसाच्या रकमेतून कॉलेजचे शुल्क भागवायचे आणि उरलेल्यात जेवणखाण व पुस्तके बसवायची, असा हा संसार होता. त्यांत विद्यार्थिदशेतच त्यांचा विवाह झालेला होता. एवढ्या विवंचना डोक्यावर असूनही मिल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांचे ग्रंथ त्यांनी मन लावून वाचले. कोणतीही गोष्ट केवळ जुनी आहे म्हणून खरी मानू नये, ती बुद्धीला पटते की नाही ते पाहावे, ही सवय त्यांना याच वाचनाने लागली. १८७८ साली ते बी. ए. झाले.

एका बाबतीत मात्र ही विद्यार्थिदशा महाग पडली, असे म्हणावेसे वाटते. त्याच कॉलेजात त्यांच्या आधी आलेल्या बाळ गंगाधर टिळकांनी पहिले वर्ष अभ्यासाकडे दुर्लक्ष करून व्यायामात घालवले आणि प्रकृती भक्कम केली. आगरकरांना ती चैन कशी परवडावी? व्यायामाला लागणारा खुराक त्यांच्या ताटात नव्हता. शरीर जन्मभर दुबळेच राहिले आणि पुढे दम्याने त्यांना गाठले.

टिळक कायद्याचा आणि आगरकर एम. ए. चा अभ्यास करीत असताना या दोघांची मैत्री जडली. देशाची दुर्दशा कशाने झाली आणि ती कशी दूर करावी, यावर त्यांचे तासन्‌तास वाद चालत. मते सर्वच जुळत असे नाही. पण एका गोष्टीवर दोघांचेही एकमत झाले. लोकांना शहाणे करावयाचे तर शिक्षण हवे, आणि ते देण्यासाठी सुशिक्षितांनी सरकारी नोकरीचा मोह सोडला पाहिजे.

हा निश्चय टिळकांना सोपा नव्हता. आगरकरांना तर तो फारच कठीण होता. टेंभूला त्यांची आई वाट पाहत होती. मुलगा आता मोठ्या परीक्षा देत आहे, त्याला मोठ्या पगाराची नोकरी लागेल, घराचे पांग फिटतील, अशी स्वप्ने त्या माउलीने रंगवली असल्यास नवल नाही. तिने आयुष्यभर दारिद्र्यच पाहिले होते. तिला अंधारात ठेवून मार्ग बदलणे आगरकरांना रुचले नाही. त्यांनी तिला पत्र लिहून आपला बेत स्पष्ट कळवला. आपण फार पैसा मिळवणार नाही, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून सर्व वेळ परहितासाठी घालवणार आहोत, असा त्या पत्राचा आशय होता. ते पत्र वाचून त्या माउलीला काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम. ए. होऊन आगरकर त्या शाळेत शिक्षक झाले. १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक होत. कोल्हापूरच्या एका प्रकरणातील लेखांमुळे १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना कारावास भोगावा लागला. डोंगरीच्या तुरुंगातील त्या १०१ दिवसांतही दोघांचे वाद थांबले नाहीत. आगरकरांनी या दिवसांची हकीकत पुढे पुस्तकरूपाने लिहिली. १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले, तेव्हा ते तेथे प्राध्यापक झाले. व्याकरणाच्या तासाला आपण जे वाक्यपृथक्करण करतो, त्या विषयावरही त्यांनी मराठीत एक ग्रंथ लिहिला आहे.

पुढे आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय हक्क, या प्रश्नावर दोघा मित्रांत तीव्र मतभेद झाले. आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ साली ‘सुधारक’ हे पत्र काढले. बालविवाह, विधवांचे केशवपन, अस्पृश्यता यांवर त्यांनी निर्भीडपणे टीका केली. लोक इतके खवळले, की त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. आगरकर डगमगले नाहीत. त्यांच्या गरजाच इतक्या थोड्या होत्या, की लोकांच्या रागाने त्यांचे हिरावून घेण्यासारखे फारसे काही नव्हते.

१८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले; तरी राहणी पूर्वीसारखीच साधी राहिली. दमा मात्र बळावत चालला होता. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. टिळकांनी ‘केसरी’त आपल्या या जुन्या मित्रावर मृत्युलेख लिहिला. आगरकरांच्या उशाखाली एक लहानशी पुरचुंडी सापडली. आपल्या अंत्यविधीला लागणारे पैसे त्यांनी तीत आधीच बांधून ठेवले होते.