बालकवी : फुलराणीच्या कवीची उदासी

बालकवी म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना शाळा आठवते. श्रावणातला ऊनपाऊस, फुलराणीचे लग्न, आणि स्नेहसंमेलनात लहान मुलांनी हातवारे करीत म्हटलेले ते आनंदगीत. पुढे महाविद्यालयात आल्यावर याच कवीची ‘पारवा’ आणि ‘खेड्यातील रात्र’ वाचनात येते आणि आपण चमकतो. हा तोच कवी काय? वर्गात त्याचे ठरलेले उत्तर मिळते : आधी बालपणाचा आनंद, मग आयुष्याचे चटके, आणि त्यातून आलेली उदासी. उत्तर परीक्षेपुरते चांगले आहे. पण ते मला पटेनासे झाले, त्याला एक कारण घडले.

वसतिगृहातला माझा एक मित्र गेल्या वर्षी दोन-अडीच महिने खोलीबाहेर पडेनासा झाला होता. घरचे बरे, प्रकृती बरी, प्रेमभंग वगैरे काही नाही. तरी जेवण नको, बोलणे नको. पुढे डॉक्टरांचे उपचार झाले, तो सावरला, परीक्षेलाही बसला. मग एके दिवशी त्यानेच मला विचारले, की हे आता कायमचे गेले, की पुन्हा येणार? मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर बालकवींचे चरित्र मी नव्याने वाचले.

त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी खानदेशात धरणगाव येथे झाला. वडील पोलीसखात्यात. बदल्यांमुळे आज या गावी तर उद्या त्या गावी असे बिऱ्हाड हलत असे. शाळा धड झाली नाही, पण रानावनांशी आणि नदीनाल्यांशी ओळख झाली ती जन्माची. १९०७ साली जळगावला पहिले कविसंमेलन भरले. ‘काव्यरत्नावली’चे नारायण नरसिंह फडणीस हे त्यामागचे प्रमुख, तर डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष. सतरा वर्षांचा हा मुलगा त्या जाणत्या मंडळींपुढे उभा राहिला, कविता म्हटली, आणि ‘बालकवी’ ही पदवी घेऊन खाली बसला. मराठीत इतक्या लहान वयात इतके कौतुक फार थोड्यांच्या वाट्याला आले असेल.

या संमेलनात त्यांना रेव्हरंड ना. वा. टिळक भेटले. आपणा नागपूरकरांना टिळक परके नाहीत. १८९५ साली ख्रिस्ती होण्यापूर्वी ते काही काळ आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने याच शहरात होते, आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त त्या दिवसांचे नागपूर आले आहे. टिळकांनी या मुलाला अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) आपल्या घरी नेले. तिथे मिशनच्या शाळेत त्यांना नोकरी मिळाली. पण नोकरीपेक्षा महत्त्वाचे होते ते घर. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखे वागवले. ठोमरे हसायला लागले तर लहान मुलासारखे हसायचे, आणि रुसले तर तसेच रुसायचे. त्यांच्या मनाचा पारा केव्हा चढेल आणि केव्हा उतरेल याचा नेम नसे. टिळक पतिपत्नींनी त्यांच्या या स्वभावासकट त्यांना जवळ केले. मला या चरित्रातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. टिळक ख्रिस्ती, ठोमरे ब्राह्मण घरातले. त्या काळी लोक काय म्हणाले असतील याची कल्पना आपण करू शकतो. ठोमरे हिंदूच राहिले, आणि त्या घरचेही राहिले.

बाकीचे आयुष्य सांगण्यासारखे थोडे आहे. लग्न, संसारात न मिळालेले सुख, सततची पैशाची ओढाताण, मास्तरकी. कविता मात्र चालू होती, आणि ‘मनोरंजन’सारख्या मासिकांतून ती महाराष्ट्रभर जात होती.

आता या दारिद्र्यालाच उदासीचे कारण मानावे, तर खुद्द कवी आड येतात. ही खिन्नता कुठून येते ते आपल्यालाच समजत नाही, काहीतरी आत खुपते पण काय ते सापडत नाही, अशा आशयाची त्यांची एक छोटी कविता आहे. कारण सांगता आले असते तर त्यांनी सांगितले असते. शब्दांची वाण त्यांना नव्हती. माझ्या मित्रालाही डॉक्टर, वडील, आम्ही सगळे कारणच विचारत होतो! शिवाय आनंद आणि उदासी यांचे दोन वेगळे कप्पेही या कवितेत पडत नाहीत. ‘औदुंबर’ घ्या. आठच ओळी, झरा, गाव, शेते, पाऊलवाट असे सगळे प्रसन्न रंग, आणि शेवटी आपल्यातच हरवून बसलेले ते झाड. समीक्षकांनी त्या झाडावर बरेच लिहिले आहे. मला त्यात एवढेच दिसते की झाड आले म्हणून झरा पुसला गेला नाही.

बालकवींच्या काळी या दुखण्यावर औषध नव्हते. नैराश्यावरची पहिली औषधे १९५०च्या दशकात आली. आज डॉक्टर सांगतात की उपचाराने पुष्कळ लोक बरे होतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ते पुन्हाही गाठते. पण दुसऱ्यांदा आले तरी त्यावर उपचार करता येतो. बालकवींना हे सांगणारे कोणी नव्हते. त्यांनी उदासीला जिंकले असे कोणी म्हणणार नाही. पण जळगावच्या संमेलनापासून अखेरपर्यंत जवळजवळ अकरा वर्षे ती येत-जात असताना ते लिहीत होते, हेही खरे आहे. आणि हे टिळकांच्या घरासारखे घर नसते तर कितपत झाले असते, याची मला शंका आहे.

५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनात गाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. वय सत्तावीस. पुढच्या जानेवारीत गडकरी आपल्या जवळच्या सावनेरला गेले, आणि ९ मे १९१९ रोजी टिळकही गेले. एका वर्षात मराठी कविता किती रिकामी झाली! बालकवींचा मृत्यू हा अपघात होता. तरी वर्गात हा विषय निघाला की कोणीतरी हटकून सूचक हसतो आणि ‘पारवा’कडे बोट दाखवतो. हे मला अन्यायाचे वाटते. उदास माणसाला अपघातही होऊ नये काय? त्यांचा शेवट त्यांच्या कवितांवर लादला, तर फुलराणी लिहिणारा माणूस खोटा ठरतो, आणि तो खोटा नव्हता.

मित्राच्या प्रश्नाचे उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही. डॉक्टर सांगतात तेच मी त्याला सांगितले. सोबत बालकवींचे पुस्तक दिले; खूण ‘पारवा’वर घातली होती, आनंदगीतावर नाही. आठवड्याने त्याने पुस्तक परत केले. कवितेविषयी काही बोलला नाही. खूण मात्र ‘औदुंबर’वर सरकली होती. मग म्हणाला, मेस बंद व्हायला अजून वेळ आहे, चल, आधी चहा घेऊ.