पं. विष्णु दिगंबर पलुसकर : कर्ज आणि रामनाम

आमच्या दापोलीकडे उत्सवांच्या कीर्तनांत पेटी-मृदंगाची साथ करणारी तरुण मुले भेटतात. या विद्येवर पोट भरेल का हो बुवा, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. वारकरी कीर्तनकाराने कथेचे मोल घेऊ नये हा आपला दंडक आहेच. पण गायन हाच ज्याचा व्यवसाय, त्याने प्रपंच कसा चालवावा? या प्रश्नाशी जन्मभर झुंजलेल्या एका हरिदासपुत्राचे चरित्र म्हणून येथे सांगत आहोत.

विष्णुबुवांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडचा. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. लहानपणी शोभेच्या दारूने डोळे भाजले, दृष्टी अधू झाली, शाळा सुटली. पहिला घाला हा. पण त्यानेच त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या पायाशी नेले. तेथे वर्षानुवर्षे मेहनत केली. संस्थानाचा आश्रय होता, अन्नवस्त्राची ददात नव्हती. मात्र समारंभात गवयाला इतरांच्या पंक्तीचा मान नाही, हे त्यांच्या मनाला लागले असे सांगतात. १८९६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी मिरज सोडली.

मग बडोदे, ग्वाल्हेर, सौराष्ट्र, पंजाब अशी भ्रमंती. राजवाड्यातील बिदागीवर न विसंबता तिकीट लावून जाहीर जलसे करण्याचा नवा मार्ग त्यांनी धरला. तिकिटाचे गाणे म्हणून त्या काळी नाके मुरडणारेही होतेच! ५ मे १९०१ रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयावाचून, लोकांच्या पैशावर चालणारी ही गायनशाळा. शिकवणीची फी, स्वरलिपीची पुस्तके आणि बुवांचे जलसे, एवढेच काय ते उत्पन्न. १९०८ मध्ये विद्यालय मुंबईस आले.

खर्चाचे मूळ होते उपदेशक वर्गात. गरीब घरची मुले बुवा जवळ ठेवीत. त्यांचे जेवणखाण, कपडालत्ता सारे विद्यालयाचे. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास ही त्यांतलीच रत्ने. त्यात कर्ज काढून मुंबईत मोठी इमारत बांधली. येथे बुवांची घाई झाली असे आमचे मत आहे. शिष्यांचे अन्न जलशांवर निघे, सावकाराचे व्याज निघेना. गावोगाव गाऊन मिळविलेला पैसा मुंबईस धाडावा आणि तो व्याजातच विरावा, असे चालले. घरातही दुःख थोडे नव्हते. अनेक मुले अल्पवयात गेली.

याच काळात बुवांचे चित्त रामनामाकडे ओढले. भगवी वस्त्रे आली, तुलसीदासांच्या मानसावर प्रवचने सुरू झाली. कोणी म्हणत, कर्जाने वैराग्य आले. आम्हांस ते पटत नाही. ज्याच्या घरी लहानपणापासून कीर्तन, त्याच्या गळ्यात रामनाम मुळातच असणार. शेवटी इमारतीचा लिलाव झाला. बुवा नाशकास रामनाम आधार आश्रमात राहिले व गात राहिले. रामधून त्यांनी लोकांच्या तोंडी बसविली. १९३० च्या दांडीयात्रेत ती दुमदुमली.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचा देह पडला. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. इमारत गेली तरी त्या मंडळाच्या परीक्षांना आजही गावोगावची मुले बसतात. मागे राहिलेला मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याला पुढे गाणे शिकविले ते बुवांच्या पंक्तीत जेवून मोठे झालेल्या विनायकबुवांनी आणि नारायणराव व्यासांनी.