गणिताच्या वाटेवरचे मार्गदर्शक : प्रा. विष्णू वासुदेव नारळीकर

मुरगूडसारख्या वेदगंगेकाठच्या गावातून विज्ञानाच्या पदवीकडे वळलेला विद्यार्थी पहिला अडखळतो तो बहुधा अवकल समीकरणांपाशी. भौतिकशास्त्राचा नियम समजलेला असतो, समीकरणही मांडता येते, पण ते सोडवायचे कसे, हे विचारायला जवळपास कोणी नसते. मुरगूडच्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका गणितज्ञाने इतरांची अशी अडलेली गणिते मार्गी लावण्यात आयुष्य वेचले. पुढच्या पिढीला ते डॉ. जयंत नारळीकर यांचे वडील म्हणून ठाऊक असले, तरी प्रा. विष्णू वासुदेव नारळीकर यांची स्वतंत्र ओळख त्याहून मोठी आहे.

त्यांचा जन्म १९०८ मध्ये कोल्हापुरात झाला. शालेय शिक्षण तेथेच घेऊन ते मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये दाखल झाले आणि १९२८ मध्ये पदवीधर झाले. पुढे शिष्यवृत्तीच्या बळावर त्यांनी केंब्रिज गाठले. गणितातील ट्रायपॉस परीक्षेत ते रँग्लर ठरले. आयझॅक न्यूटन स्टुडंटशिप आणि रॅले पारितोषिकही त्यांना मिळाले. एडिंग्टन यांच्यासारखे सापेक्षतेचे भाष्यकार तेव्हा केंब्रिजमध्ये होते. परदेशात संशोधक म्हणून नाव कमावण्याची वाट त्यांच्यापुढे मोकळी होती.

त्याच सुमारास बनारस हिंदू विद्यापीठाचे संस्थापक पंडित मदनमोहन मालवीय यांचे बोलावणे आले. १९३२ मध्ये, चोविशीच्या उंबरठ्यावर, नारळीकर तेथे गणित विभागाचे प्रमुख झाले आणि १९६० पर्यंत तेथेच राहिले. आइन्स्टाइन यांचा व्यापक सापेक्षता सिद्धांत त्या वेळी देशातील फार थोड्या वर्गांत शिकवला जात असे. या सिद्धांताची क्षेत्र समीकरणे म्हणजे एकमेकांत गुंतलेली दहा अवकल समीकरणे. त्यांची अचूक उत्तरे सापडणे अत्यंत दुर्मीळ. नारळीकरांनी या विषयाभोवती विद्यार्थ्यांची एक परंपराच उभी केली.

त्या परंपरेतील सर्वांत लक्षणीय नाव प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांचे. राजकोटच्या महाविद्यालयात शिकवणारा हा तरुण १९४२ मध्ये पत्नी आणि तान्ह्या मुलीसह बनारसला आला. हाताशी होती ती केवळ साठवलेली पुंजी, आणि ती दहा महिने पुरली. तेवढ्या अवधीत काही हाती लागले नसते, तर परतीवाचून गत्यंतर नव्हते. ताऱ्याबाहेरील गुरुत्वाकर्षणाचे उत्तर श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये दिले होते, पण त्यात ताऱ्याभोवतीचे अवकाश रिकामे मानले होते. खरा तारा तर सतत प्रकाशतो, ऊर्जा बाहेर टाकतो आणि त्यामुळे त्याचे वस्तुमान घटत जाते. अशा ताऱ्यासाठी समीकरणे सोडवण्याचा प्रश्न वैद्य यांनी नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली हाती घेतला. ते उत्तर १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज ते जगभर 'वैद्य मेट्रिक' म्हणून ओळखले जाते. १९६० च्या दशकात क्वेसारसारख्या प्रचंड ऊर्जेच्या स्रोतांचा शोध लागल्यावर त्याचे महत्त्व अधिकच पटले.

के. आर. करमरकर यांच्यासमवेत नारळीकरांनी १९४९ मध्ये गुरुत्वीय क्षेत्राच्या वक्रतेसंबंधी लिहिलेला शोधनिबंधही अभ्यासकांना परिचित आहे. करमरकरांच्या नावाची अट आजही ताऱ्यांची प्रतिमाने रचताना वापरली जाते.

ही विद्या घरातही झिरपली. पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार होत्या. त्यांचे बंधू मोरेश्वर हुजूरबाजार गणित शिकण्यासाठी बनारसला या कुटुंबात राहिले. घरातील फळ्यावर ते भाच्यासाठी अवघड कोडी लिहीत. कोडे सुटेपर्यंत किंवा जयंतने हार मान्य करेपर्यंत ते पुसले जात नसे. उत्तर आयते न देता विचार करायला लावणारी ही मदत होती. जयंतराव पुढे केंब्रिजला जाऊन वडिलांप्रमाणेच रँग्लर झाले, तर धाकटे अनंत अतिवाहकतेचे संशोधक म्हणून नावारूपाला आले.

बनारस सोडल्यावर नारळीकरांनी राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. १९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक प्राध्यापक म्हणून पुन्हा अध्यापनाकडे वळले. १९६९ मध्ये सापेक्षता आणि गुरुत्वाकर्षणाच्या भारतीय अभ्यासकांची संघटना स्थापन झाली, तेव्हा पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज गणिताची उत्तरे संगणकावर क्षणात मिळतात. मात्र कोणता प्रश्न सोडवण्याजोगा आहे, हे ओळखून तो योग्य विद्यार्थ्याच्या हाती देणारा आणि उत्तर सापडेपर्यंत त्याच्या पाठीशी उभा राहणारा शिक्षक तितक्या सहज लाभत नाही. मुरगूड-कागल परिसरातून कोल्हापूरच्या विद्यापीठाकडे निघालेल्या मुलांना आपल्याच जिल्ह्यातील या शिक्षकाचे नाव ठाऊक असायला हवे.