डॉ. पी. के. सेन आणि हृदयातले दोन पंप

चाकणच्या प्लांटमध्ये पंप निवडताना पुढे दाब किती आहे ते आधी बघतात. हृदयात असे पंप दोन: डावा शरीराला रक्त देतो, उजवा फुप्फुसांना.

१९१५ मध्ये जन्मलेले डॉ. प्रफुल्लकुमार सेन मुंबईच्या केईएममध्ये सर्जन होते. आधी कुत्र्यांवर प्रयोग, मग फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण. जगातलं सहावं! पेशंट तीनेक तासच जगला. फुप्फुसांतला दाब वाढलेला होता, नव्या हृदयाच्या उजव्या पंपाला तो पेलला नाही. त्याच वर्षीचा दुसरा पेशंटही काही तासांत गेला. आता हा दाब शिरेतून नळी घालून आधीच मोजतात.

सेन १९८२ मध्ये वारले. भारतात प्रत्यारोपण यशस्वी व्हायला १९९४ उजाडलं, दिल्लीच्या एम्समध्ये.