नाणी तोलणारा इतिहासकार

आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राच्या पेपरात मध्य, मध्यगा, प्रमाण विचलन यांची गणिते सोडवावी लागतात. उत्तर जुळले की वही मिटायची. ते विचलन कशाचे, असे कुणी विचारीत नाही. त्यामुळे प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्याविषयी वाचताना मी प्रथम थबकलो तो त्यांच्या तराजूपाशी.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. हार्वर्ड विद्यापीठात त्यांचे काम चाले, म्हणून १९१८ साली ते मुलाला अमेरिकेस घेऊन गेले. दामोदर तेथेच शाळेत शिकले आणि १९२९ साली हार्वर्डची पदवी उत्तम श्रेणीत मिळवून मायदेशी परतले. बनारस व अलीगढ येथे थोडा काळ गणित शिकवून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. तेथे सुमारे बारा वर्षे गेली. त्यानंतर होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. घर पुण्यात, काम मुंबईत, रोजचा प्रवास डेक्कन क्वीनने. इतिहासाची एकही पदवी त्यांच्याजवळ नव्हती.

इतिहासात ते शिरले ते आडवाटेने. संख्याशास्त्र पक्के करून घेण्यासाठी त्यांना एखादा खराखुरा प्रश्न हवा होता. तो त्यांना चांदीच्या प्राचीन आहत नाण्यांत सापडला. या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही. आहेत ती केवळ ठशांची चिन्हे. मग कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ठरवायचे कसे?

कोसंबींचा विचार सरळ होता. नाणे हातोहात फिरते तसे ते झिजते. एका नाण्यावरून काहीच सांगता येत नाही, कारण एक गाडग्यात पडून राहते तर दुसरे बाजारभर हिंडते. पण शेकडो नाणी घेतली तर जुन्या गटाची सरासरी कमी भरते आणि वजनांतील फरकही वाढत जातो. म्हणजेच आमच्या वहीतले ते प्रमाण विचलन! हा तर्क खरा की खोटा हे पाहण्यासाठी त्यांनी साल छापलेली, त्या वेळी चालू असलेली नाणी मोठ्या संख्येने तोलली. मग ते तक्षशिलेच्या साठ्यांकडे वळले. तेथे त्यांना दिसले की पाठीवरच्या बारीक खुणा जितक्या अधिक, तितके नाणे हलके. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की या खुणा वेळोवेळी नाणी पारखणाऱ्यांच्या असाव्यात. जमाखर्च शिकणाऱ्याला हे वाचून आनंद न झाला तरच नवल.

मात्र वजन फक्त क्रम सांगते, साल सांगत नाही. भीर टेकाडात १९२४ साली सापडलेल्या साठ्यात अलेक्झांडरची दोन व फिलिप अऱ्हिडियसचे एक अशी ग्रीक नाणी होती. त्यांच्यामुळे तो साठा ख्रिस्तपूर्व ३१७ च्या सुमाराचा ठरला. तराजूला उत्खननाची साक्ष अशी लागली. पुढे ही चिन्हे कोणत्या राजांची, हा प्रश्न आला. त्यासाठी पुराणे आणि पाली ग्रंथ पाहणे भाग होते, आणि आपले संस्कृत तेवढे पुरे नाही हे कोसंबींच्या ध्यानात आले. माझ्यासारख्याने येथे एखाद्या पंडिताला विचारून काम भागवले असते. त्यांनी भर्तृहरी हाती घेतला, शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली आणि १९४८ साली त्याच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. राजांविषयी त्यांनी बांधलेले अंदाज सर्व नाणेतज्ज्ञांनी मान्य केले नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे.

पोथी लिहिणारे शिकलेले. शेतकरी, धनगर त्यात क्वचितच बोलतात. त्यांचा इतिहास कोठे शोधायचा? कोसंबी हातात काठी घेऊन पुण्याभोवतीचे डोंगर पालथे घालू लागले. गावाच्या शिवेवरच्या, तिवाठ्यावरच्या देवी, म्हसोबा, वेताळ यांची ठाणी त्यांनी पाहिली, पुजाऱ्यांशी बोलले, जत्रांना गेले. अशा ठाण्यांच्या आसपास त्यांना अश्मयुगातील गारेची बारीक हत्यारे सापडत. आज देवीचे ठाणे जेथे आहे तेथे गाव वसण्यापूर्वी वाटा एकमेकींना छेदत असल्या पाहिजेत, असे त्यांनी मांडले. कार्ल्याची लेणीही घाटवाटेजवळ. तेथील शिलालेखांत दान देणारे व्यापारी आहेत, यवन आहेत. आणि लेण्याच्या दाराशी एकवीरा! आमच्याकडे वेशीबाहेर मरगाई असते. माझा कन्नड मित्र त्याच्या गावच्या द्यामव्वेविषयी सांगतो तेव्हा दोघींची कहाणी फारशी वेगळी वाटत नाही. त्या ठिकाणी वाटा कोणत्या होत्या, हे आम्ही दोघांनीही अजून पाहिलेले नाही.

गोव्याच्या गावकरीवरही त्यांचा लेख आहे. गावाने मिळून जमीन बाळगण्याची ती पद्धत समजून घेताना त्यांनी जमिनीची ठेवण, स्थानिक दंतकथा आणि चालीरीती एकत्र पाहिल्या.

भारतीय इतिहासावरचा त्यांचा मुख्य ग्रंथ १९५६ साली आला. आपल्या या संमिश्र पद्धतीवर त्यांनी १९६३ साली स्वतंत्र निबंध लिहिला. पुरातत्त्व, मानवशास्त्र, भाषाशास्त्र यांतले एकटे कोणतेही पुरेसे नाही, एकाचा निष्कर्ष दुसऱ्याने तपासला पाहिजे, असा त्याचा आशय. नुसती पुस्तके चाळून समाजशास्त्र लिहिणाऱ्यांना हे बोचले असेल, आणि बोचावेच.

या मोकळ्या संचाराची किंमतही त्यांना मोजावी लागली. अनेक गणितज्ञांना इतिहास हा त्यांच्या वेळेचा अपव्यय वाटे, तर इतिहासकारांना ते परके वाटत. रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता सापडल्याचा त्यांचा १९५९ सालचा दावा टिकला नाही. त्याने त्यांच्या नावाला बट्टा लागला आणि १९६२ साली टाटा संस्थेतील त्यांची नेमणूक संपली. मात्र जनुकांमधील अंतर मोजण्याचे त्यांचे १९४४ सालचे सूत्र वनस्पतिशास्त्रज्ञ आजही वापरतात.

त्यांचे शेवटचे मोठे पुस्तक १९६५ साली निघाले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय होते ५८.